मन्सीची मोटार आणि महिन्याचा हप्ता

१९२४च्या जानेवारीत रॉबर्ट आणि हेलन लिंड हे जोडपं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मन्सी शहरात मुक्कामाला आलं. शहर कारखान्यांचं. १९२०च्या जनगणनेत लोकसंख्या ३६,५२४. फळं आणि भाज्या टिकवून ठेवण्याच्या बॉल बंधूंच्या काचेच्या बरण्या इथे बनत आणि देशभर जात. मोटारींचे गिअर बनवणारा वॉर्नरचा कारखानाही इथलाच. लिंड दांपत्य मुख्यतः शहराच्या धार्मिक जीवनाचा अभ्यास करायला आलं होतं. पण लोकांच्या घरी बसून त्यांची रोजची कमाई, खर्च, सवयी, भांडणं टिपताना एक वस्तू जिथे तिथे आडवी येऊ लागली. ती म्हणजे मोटार. रविवारची प्रार्थना बुडत होती कारण लोक गाडी घेऊन फिरायला जात होते. पोरं आणि आईबाप यांच्यात खटके उडत होते ते संध्याकाळी गाडी कोणाला मिळणार यावरून. कामगार संघटनेचा एक पुढारी तर तक्रार करत होता, की सेकंडहँड फोर्ड आणि पेट्रोल यांना पुरतील इतके पैसे खिशात आहेत तोवर माणसं सभेला फिरकायची नाहीत.

पुढे १९२९मध्ये छापलेल्या अभ्यासात लिंड यांनी शहराचं नाव झाकून त्याला ‘मिडलटाउन’ म्हटलं. मन्सीचं हे प्रकरण मी निवडलं आहे त्याचं कारण साधं आहे. १९२०च्या दशकातली अमेरिकेची भरभराट आणि १९३०ची पडझड यांबद्दल लिहिताना बहुतेक जण वॉल स्ट्रीटवर जातात. पण शेअर बाजारात पैसे असणारी कुटुंबं तेव्हा देशात थोडीच होती. हप्त्यावर गाडी, फर्निचर, रेडिओ, कपडे धुण्याचं यंत्र घेणारी कुटुंबं मात्र गल्लोगल्ली होती. भरभराट त्यांच्या खरेदीवर उभी होती, आणि ती कशी खचली हे समजायचं तर त्यांच्या हप्त्याच्या कागदावर नेमकं काय लिहिलं होतं ते वाचावं लागतं.

तीन घरांमागे दोन गाड्या

मन्सीत पहिली मोटार १९००मध्ये दिसली. १९०६च्या सुमारास शहर आणि आसपासचा तालुका धरून दोनशेच्या घरात गाड्या होत्या. १९२३च्या अखेरीस शहरात प्रवासी गाड्यांची संख्या ६,२२१ झाली होती, म्हणजे साधारण सहा माणसांमागे एक, दर तीन कुटुंबांमागे दोन. त्यांतल्या ४१ टक्के फोर्ड होत्या. आणि सगळ्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त १९२० किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या, म्हणजे ताज्या खरेदीच्या होत्या.

लिंड यांनी १२३ कामगार कुटुंबांकडे चौकशी केली. त्यांतल्या ६० कुटुंबांकडे गाडी होती. या साठांपैकी २६ घरं पडकी, कळकट दिसणारी होती. तिथे त्यांनी घरात अंघोळीचा टब आहे का, असंही विचारलं. २१ घरांत नव्हता. नऊ मुलांची एक आई म्हणाली, कपडे नसले तरी चालेल पण गाडी सोडणार नाही. दुसरी म्हणाली, एक वेळ जेवणार नाही, पण गाडी जाऊ देणार नाही. असल्या उत्तरांवर त्या काळी पाद्री आणि संपादक तुटून पडत: गरिबाला चैन सुचते, असा त्यांचा सूर. मला तो सूर मान्य नाही. दिवसाचे नऊ-दहा तास भट्टीपुढे किंवा यंत्रापुढे उभं राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी बायकापोरांना घेऊन गावाबाहेर जाता येणं, लांबच्या कारखान्यात काम धरता येणं, आजाऱ्याला वेळेत डॉक्टरकडे नेता येणं ही त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा आलेली मोकळीक होती. टब त्याला ती देत नव्हता.

पण मग पैसा कुठून आला? लिंड यांनी ज्या १०० कामगार कुटुंबांचे उत्पन्नाचे हिशोब मिळवले, त्यांतल्या मधोमध येणाऱ्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,४९५ डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे निम्म्यांचं त्याहून कमी. पाच माणसांच्या कुटुंबाने मन्सीत जेमतेम ठीक राहायचं तर वर्षाला १,९२० डॉलर लागत. म्हणजे बहुतेक कामगारांची कमाई साध्या गरजांनाही कमी पडत होती. देशाचं चित्रही फार वेगळं नव्हतं. भरभराटीच्या शिखरावर, १९२९मध्ये, अमेरिकेतल्या सुमारे ६० टक्के कुटुंबांचं उत्पन्न वर्षाला २,००० डॉलरच्या आत होतं.

उत्तर दिलं मन्सीतल्याच एका फायनान्सवाल्याने. त्याच्या अंदाजाप्रमाणे शहरात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी ७५ ते ९० टक्के हप्त्यांवर जात होत्या. आठवड्याला ३५ डॉलर मिळवणारा कामगार महिन्यातल्या एका आठवड्याचा सबंध पगार गाडीच्या हप्त्याला लावायची तयारी ठेवून येतो, असं त्याने सांगितलं. काहींनी तर राहतं घर गहाण टाकून गाडी घेतली होती.

चार आठवड्यांतला एक आठवडा माणूस गाडीसाठी राबत होता. हा आकडा लक्षात ठेवू, कारण पुढचं बरंच काही त्यावर आहे.

हप्ता आला कुठून

हप्त्याची पद्धत मोटारीने शोधली नाही. सिंगर कंपनीच्या एडवर्ड क्लार्कने १८५६मध्येच शिलाई यंत्रं अशी विकायला सुरुवात केली होती: थोडे पैसे आधी, बाकी महिन्यामहिन्याला. पियानो, फर्निचर, शेतीची अवजारंही तशी जात. तरीही शहाण्यासुरत्या मध्यमवर्गात हप्त्यावर घेणं कमीपणाचं मानलं जाई. ती लाज पुसली ती मोटारीने, आणि मोटारीच्या कर्जाची सुरुवात ग्राहकाची सोय पाहून झाली नव्हती, हा यातला कमी सांगितला जाणारा भाग आहे.

अडचण कारखानदाराची होती. लोक गाड्या घेत वसंतात आणि उन्हाळ्यात. हिवाळ्यात रस्ते चिखलाचे, बर्फाचे; गाड्यांना टपही धड नसत. उलट कारखाना, विशेषतः सरकत्या पट्ट्यावर चालणारा, बारा महिने सारख्या वेगाने चालला तरच परवडतो. मग हिवाळ्यात तयार झालेल्या गाड्या ठेवायच्या कुठे आणि त्यात अडकलेला पैसा सोसायचा कोणी? कंपन्यांनी तो भार डीलरवर ढकलला. गाड्या उचला आणि रोख मोजा. डीलरकडे एवढी रोकड नसे आणि बँका मोटारीच्या धंद्याला कर्ज द्यायला नाखूश. १९१९मध्ये जनरल मोटर्सने आपली स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली, जनरल मोटर्स ॲक्सेप्टन्स कॉर्पोरेशन. तिच्यामागे जॉन रास्कोब हा कंपनीचा वित्तप्रमुख होता. या कंपनीने डीलरला गाड्यांचा साठा करायला पैसे दिले, आणि त्याच दमात ग्राहकालाही हप्त्यांची सोय दिली, म्हणजे डीलरचा साठा हलत राहील.

पैशाची साखळी अशी चाले. ग्राहक डीलरकडे कागदावर सही करी. डीलर तो कागद फायनान्स कंपनीला विकून लगेच रोख घेई. फायनान्स कंपनी असे हजारो कागद गोळा करून त्यांच्या जोरावर बँकांकडून आणि गुंतवणूकदारांकडून अल्प मुदतीचं कर्ज उभारी. मन्सीतल्या गिअर कारखान्याच्या कामगाराचा महिन्याचा हप्ता अशा रीतीने न्यूयॉर्कच्या नाणेबाजाराला जोडला गेला. अनेक करारांत आणखी एक अट असे: ग्राहकाने पैसे बुडवले तर डीलरने ते भरून द्यायचे. त्यामुळे हप्ता थकला की दारात उभा राहणारा माणूस बहुधा ज्याने हसतमुखाने गाडी विकली तोच असे.

हेन्री फोर्डला हे सगळं नापसंत होतं. कर्ज काढून गाडी घेणं त्याला चारित्र्याचा दोष वाटे. १९२३मध्ये त्याने स्वतःची योजना आणली: आठवड्याला पाच डॉलर बँकेत भरत राहा, गाडीची पूर्ण किंमत जमली की गाडी घेऊन जा. आपल्याकडच्या सोनाराच्या भिशीसारखंच ते झालं. आधी भरणा, मग वस्तू. सर्वांत स्वस्त मॉडेल टी त्या काळात ३०० डॉलरच्या आत मिळत होती, तरीही योजना चालली नाही. जनरल मोटर्सची शेवरले आज दारात उभी राहते आणि पैसे नंतर द्यायचे असतात. फोर्डसाठी वर्षभर पासबुक भरत पायी चालायचं होतं. लोकांनी शेवरले घेतली. १९२७च्या मेमध्ये मॉडेल टी बंद पडली, आणि १९२८मध्ये फोर्डलाही युनिव्हर्सल क्रेडिट कॉर्पोरेशन काढून हप्त्यांच्या बाजारात उतरावं लागलं. फोर्डच्या उपदेशात काटकसर होती हे खरं, पण आठवड्याला पाच डॉलर बाजूला काढू शकणारा माणूस तेच पाच डॉलर हप्ता म्हणून भरू शकतो, आणि तोवर गाडी वापरतोही, हा ग्राहकाचा हिशोब चुकीचा नव्हता. चूक होती ती कराराच्या आत.

तिकडे आल्फ्रेड स्लोन यांच्या हाताखाली जनरल मोटर्सने दुसरी खेळी केली. दरवर्षी नवं रूप, नवा रंग, प्रत्येक खिशाला वेगळी गाडी. जुनी गाडी चालत असतानाच ती जुनी वाटू लागली पाहिजे. १९२८मध्ये हीच जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना टाकून बसली होती. घरच्या बाजारात गाडी घेऊ शकणाऱ्या बहुतेक घरांकडे गाडी पोचत आली की पुढचं गिऱ्हाईक शोधावंच लागतं.

कागदावर काय होतं

दशकाच्या मध्यापर्यंत एक रीत बसली होती. नव्या गाडीसाठी किमतीचा एक तृतीयांश भाग आधी, बाकी बारा महिन्यांत. हिशोबासाठी ६०० डॉलरची गाडी धरू. २०० डॉलर आधी दिले. उरले ४००. त्यावर फायनान्सचा आकार समजा ३२ डॉलर. एकूण ४३२, म्हणजे बारा हप्ते ३६ डॉलरचे. आठवड्याला ३५ मिळवणाऱ्याला जवळजवळ एका आठवड्याचा पगार.

४०० वर ३२ म्हणजे आठ टक्के, असं विक्रेता सांगे. पण कर्ज दर महिन्याला उतरत जातं, वर्षभर ४०० डॉलर काही ग्राहकाकडे राहत नाहीत. खरा वार्षिक दर पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो. दुचाकीच्या कर्जात फ्लॅट रेट आणि रिड्युसिंग रेट यांतला फरक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. तरीही माझ्या मते व्याज हा यातला मुख्य घाव नाही.

मुख्य घाव मालकीच्या कलमात आहे. हा व्यवहार ‘सशर्त विक्री’ म्हणून लिहिला जाई. शेवटचा हप्ता भरेपर्यंत गाडीची मालकी विकणाऱ्याकडे, ग्राहकाकडे फक्त ताबा. एक हप्ता चुकला की करार मोडला. गाडी उचलून न्यायची, आणि तोवर भरलेले पैसे परत करायचे नाहीत.

आता वरच्या गिऱ्हाइकाचे आठ हप्ते भरून झाले आहेत असं समजा. त्याने आजवर २०० अधिक २८८, म्हणजे ४८८ डॉलर दिले. राहिले चार हप्ते, १४४ डॉलर. गाडी वापरलेली असली तरी बाजारात सहज तीनशेला जाईल. नवव्या महिन्यात कारखान्याने त्याला घरी बसवलं. हप्ता चुकवला तर ४८८ डॉलर गेले, गाडीही गेली, आणि विकून वरचे पैसे हातात येतील तेही नाही. १४४ डॉलर कसेबसे जमवले तर तीनशेची वस्तू त्याची होते. हा माणूस काय करील? किराणा कमी करील. डॉक्टरचं बिल तटवील. घरमालकाला दोन महिने थांबायला सांगेल. मुलीचा नवा कोट रद्द. नवं फर्निचर, रेडिओ यांचा विचारही नाही. हप्ता मात्र भरेल.

वाणी, डॉक्टर, घरमालक यांच्याकडे उधारी थांबवता येत होती, कारण तिथे ओळख होती आणि उचलून नेण्यासारखं काही नव्हतं. फायनान्स कंपनीकडे थांबायची सोय नव्हती. कुटुंबाच्या खर्चातला सर्वांत मोठा तुकडा असा अचल झाला की संकटाचा सगळा भार उरलेल्या तुकड्यांवर पडतो. मन्सीच्या वाण्याने मोटारीच्या कर्जावर कधी सही केली नव्हती, पण त्याचा धोका त्याच्या दुकानात येऊन बसला होता.

हे टाळता आलं नसतं का? आलं असतं. १९१८मध्येच सशर्त विक्रीसाठी एक नमुना कायदा तयार झाला होता. ग्राहकाने निम्मी किंमत भरली असेल तर विक्रेत्याने गाडी जाहीरपणे विकावी आणि आपलं येणं वळतं करून उरलेली रक्कम ग्राहकाला द्यावी, अशी त्यात तरतूद होती. मोजक्याच राज्यांनी तो स्वीकारला. ज्या दशकात लाखो कुटुंबं या कागदावर सह्या करत होती त्या दशकात बहुतेक राज्यांनी हा साधा बदल केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९२४ची चुणूक

मन्सीला याची चुणूक लिंड तिथे असतानाच मिळाली होती. १९२३ हे ‘चांगलं’ वर्ष. १६५ कामगार कुटुंबांत ७२ टक्के कर्त्या पुरुषांचा त्या वर्षात कामाचा एकही दिवस बुडाला नाही. १९२४च्या पहिल्या नऊ महिन्यांत, मंदी येताच, तेच प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं, आणि ४३ टक्के लोक महिना किंवा त्याहून जास्त बेकार राहिले. एका वर्षाच्या आत. ही काही महामंदी नव्हती. देशाच्या इतिहासात तिची फारशी आठवणही कोणी ठेवत नाही. नेहमीच्या चढउतारातला एक उतार. पगाराची हमी आठवड्याची, आणि हप्त्याची बांधिलकी वर्षाची. दोन्ही एकाच घरात.

तो उतार लवकर सरला आणि सगळे विसरले. उलट याच सुमारास मन्सीच्या स्थानिक वर्तमानपत्राने लिहिलं, की अमेरिकन माणसाचं देशाला पहिलं महत्त्व आता नागरिक म्हणून नाही, ग्राहक म्हणून आहे. उपभोग ही नवी गरज आहे. हप्त्यांच्या पद्धतीवर टीका वाढू लागली तेव्हा रास्कोबने कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांच्याकडून तिचा मोठा अभ्यास करवून घेतला. तो १९२७मध्ये दोन खंडांत आला आणि त्याने हप्त्यांच्या खरेदीला एकंदरीत चांगलं म्हटलं: हप्त्यामुळे माणूस जास्त नियमित काम करतो, बचतीची शिस्त लागते. सेलिग्मन यांचं म्हणणं पैसे घेऊन लिहिलेलं म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण तसं करू नये. एकेका कुटुंबापुरतं ते बरंचसं खरं होतं. हप्ते खरोखर भरले जात होते, बुडीत कर्ज कमी होतं. सगळी कुटुंबं एकाच वेळी अडचणीत आली तर काय, आणि हप्ते भरले जाणं हीच अडचण झाली तर काय, हा प्रश्न मात्र तितक्या जोराने विचारला गेला नाही.

१९२० ते १९२९ या काळात गृहकर्ज सोडून अमेरिकन कुटुंबांच्या डोक्यावरचं कर्ज उत्पन्नाच्या तुलनेत जवळपास दुप्पट झालं. मुदती मात्र आखूडच राहिल्या. १९२९च्या ऑगस्टमध्ये, शेअर बाजार कोसळायच्या दोन महिने आधी, रास्कोबने महिलांच्या एका लोकप्रिय मासिकातून सांगितलं, की महिन्याला १५ डॉलर शेअरमध्ये घातले तर वीस वर्षांत ८० हजार डॉलर होतील.

१९३०

देशात १९२९मध्ये ४४ लाखांहून जास्त प्रवासी गाड्या बनल्या. १९३०मध्ये सुमारे २८ लाख. १९३२मध्ये ११ लाख. पहिल्याच वर्षातली घसरण पाहा. तेव्हा बँका अजून धडाधड बुडायला लागल्या नव्हत्या. ती लाट १९३०च्या शेवटी सुरू झाली. बहुसंख्य लोक कामावर होते. तरी लोकांनी खरेदी थांबवली.

या पहिल्या वर्षाचं कोडं अर्थशास्त्रज्ञांना बराच काळ सतावत आलं आहे. क्रिस्टिना रोमर यांनी १९९०मध्ये मांडलं, की बाजार कोसळल्यावर पुढे काय होणार याची खात्री कोणालाच राहिली नाही, म्हणून लोकांनी मोठ्या खरेद्या पुढे ढकलल्या. मार्था ओल्नी यांनी १९९९मध्ये हप्त्याच्या कराराकडे बोट दाखवलं: कर्ज विक्रमी, मुदत आखूड, हप्ता चुकल्याची शिक्षा जबर, म्हणून लोकांनी हप्ते थकवले नाहीत, बाकीचा खर्च कापला. ओल्नींचं म्हणणं मला जास्त पटतं, कारण ते मन्सीत डोळ्यांनी दिसतं. रोमर यांची भीती आणि ओल्नींचा करार एकमेकांच्या विरुद्धही नाहीत. पुढच्या महिन्याची खात्री नसलेल्या माणसाच्या हातात तो करार असतो तेव्हाच तो सर्वांत घट्ट आवळतो. १९३१नंतरच्या पडझडीला बँकांची दिवाळखोरी, नाणेपुरवठा, सोन्याशी जखडलेलं चलन अशी मोठी कारणं आहेत; ती हप्त्यांच्या माथी मारणं बरोबर होणार नाही.

मन्सीवर घाव दोन्ही बाजूंनी आला. हे शहर गाड्या विकत घेत होतं आणि गाड्यांचे भागही बनवत होतं. देशभरातल्या कुटुंबांनी नवी गाडी पुढे ढकलली की गिअरच्या ऑर्डरी आटायच्या, गिअर कारखान्यातले लोक घरी बसायचे, आणि तेही खरेदी थांबवायचे. मोटार, रेडिओ, फर्निचर या वस्तूंचं हेच दुखणं आहे: जुनी आणखी दोन वर्षं चालते. भाकरीचं तसं नाही. भरभराट ज्या वस्तूंवर उभी केली होती त्याच वस्तू सर्वांत सहज पुढे ढकलता येणाऱ्या होत्या. १९३०च्या उत्तरार्धापर्यंत मन्सीतल्या चारांतल्या एका कारखाना कामगाराचं काम गेलं होतं. जनरल मोटर्सचा तिथला गिअरबॉक्सचा कारखाना १९३२मध्ये बंद झाला.

१९३५मध्ये रॉबर्ट लिंड पुन्हा मन्सीत आले. १९२९ ते १९३३ या काळात तिथल्या जवाहिऱ्यांची विक्री ८५ टक्क्यांनी घसरली होती. पेट्रोल पंपांची विक्री घसरली होती फक्त ४ टक्क्यांनी. नव्या गाड्यांची खरेदी कोसळली होती, पण शहरात नोंदलेल्या गाड्यांची संख्या मंदीच्या सुरुवातीच्या वर्षांत जेमतेमच हलली. लोक बाकी सगळं सोडतात, गाडी सोडत नाहीत, असं तिथल्या लोकांनी त्यांना सांगितलं. नऊ मुलांच्या त्या आईने दहा वर्षांपूर्वी जे म्हटलं होतं ते शहराने अक्षरशः करून दाखवलं होतं. यात हौस होतीच. कामाच्या शोधात दूर जायला गाडी लागत होती, हेही होतं. आणि ज्यांचे हप्ते चालू होते त्यांच्यापुढे तर गाडी राखणं किंवा आजवरचं सगळं गमावणं एवढे दोनच रस्ते होते. पेट्रोलच्या आणि दागिन्यांच्या आकड्यांत केवढी दरी पडली, तीच कुटुंबांनी आपल्या पोटाला दिलेल्या चिमट्यांची नोंद आहे, असं मी मानतो.

हप्ते थकवून मोकळं होणं शक्य असतं तर फायनान्स कंपन्यांचं नुकसान झालं असतं, काही बुडाल्याही असत्या. पण वाणी, शिंपी, फर्निचरवाला यांच्याकडचा पैसा इतक्या झपाट्याने आटला नसता. प्रत्येक घराने प्रामाणिकपणे आपला शब्द पाळला आणि त्या प्रामाणिकपणाची किंमत शेजारच्या दुकानाने भरली. म्हणूनच ‘लोकांनी ऐपतीबाहेर खर्च केला आणि बुडाले’ ही नेहमीची गोष्ट मला अन्यायाची वाटते. या लोकांनी देणं बुडवलं नाही. नफा आणि मालकी कंपनीकडे आणि बेकारीचा सगळा धोका ग्राहकाकडे ठेवणारा कागद त्यांनी लिहिला नव्हता. त्यांनी फक्त सही केली होती, कारण ३५ डॉलरच्या पगारात गाडी मिळवायची दुसरी वाटच नव्हती.

कायदा हळूहळू हलला. तिसाव्या दशकाच्या मध्यात जनरल मोटर्सच्या फायनान्स कंपनीने ‘सहा टक्के योजना’ जाहीर केली तेव्हा संघीय व्यापार आयोगाने हरकत घेतली: ग्राहकाला खरोखर पडणारा दर जवळजवळ दुप्पट आहे, म्हणून जाहिरात फसवी आहे. हे व्याजाच्या आकड्याबद्दल झालं. हप्ता चुकल्यावर आधी भरलेल्या पैशांचं काय, याला अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत एकसारखं उत्तर मिळायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. एकसमान व्यापारी संहितेत तेव्हा असं आलं, की घरगुती वापराच्या वस्तूच्या किमतीपैकी ६० टक्के रक्कम ग्राहकाने भरली असेल तर उचललेली वस्तू ९० दिवसांच्या आत विकावी लागेल, आणि येणं भागून वर राहिलेला पैसा ग्राहकाला द्यावा लागेल. ६०० डॉलरच्या गाडीसाठी ४८८ भरून बसलेला आपला गिऱ्हाईक या कलमात सहज बसला असता. गाडी तीनशेला गेली असती, कंपनीने आपले १४४ आणि विक्रीचा खर्च कापून घेतला असता, आणि उरलेल्या पैशांत त्याच्या घराचा तीन-चार आठवड्यांचा खर्च भागला असता.